ज्वारीचे चार दाणे

नरसूबाई चिट्याल, वय एक्कावन्न, वॉर्ड सात.
गळ्याची गाठ काढून आज तिसरा दिवस.
पहाटे साडेतीनला तिच्या रक्ताची नळी खाली आली,
मी ती यंत्रात लावली आणि चहा ओतून घेतला.
चहा निवायच्या आत आकडा :
सहा पूर्णांक चार.
साडेआठच्या खाली जायला नको असतो.

पुन्हा लावली. एप्रिलातलं सोलापूर,
इथं यंत्रालाही घाम फुटतो.
सहा पूर्णांक तीन.

फोन केला, आणि मग वरही गेलो. जायचं नसतं.

ती सांगत होती, ओठाभोवती मुंग्या फिरतायत,
कुणी साखर सांडल्यासारख्या.
डॉक्टर पोरीनं दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळला
आणि तसाच ठेवला. तीन मिनिटं.
मनगट वाकलं, अंगठा तळव्यात शिरला,
बोटं ताठ, एकमेकांना चिकटून,
बंद चोच.
नरसूबाईनं हाताकडे पाहिलं, परक्याच्या हाताकडे पाहावं तसं.
चाळीस वर्षं रोज हजार विड्या वळल्या या बोटांनी, म्हणाली,
मी सांगितल्याशिवाय कधी वळली नव्हती.

तिचा नवरा मल्लेशम कॉटखालून उठून बसला.
त्याला काय सांगावं?
गळ्यात मागच्या बाजूला चार ग्रंथी असतात, सांगितलं,
मालदांडी ज्वारीच्या दाण्याएवढ्या,
तांबूस पिवळ्या, चरबीत दडलेल्या.
रक्त चाखत बसायचं, एवढंच त्यांचं काम.
चव कमी पडली की निरोप सुटतो :
हाडांनो, थोडं सोडा.
मूत्रपिंडांनो, वाहून जाऊ देऊ नका,
आणि कातडीवर आलेलं ऊन पक्कं करून आतड्याकडे धाडा,
म्हणजे आतडं आल्या घासातला चुना नीट उचलेल.
चव पुरली की चौघी गप्प.
त्यांचं गप्प बसणं हासुद्धा निरोपच.

मल्लेशम म्हणाला, आमच्या मागाला काटा असतो.
आडवं सूत तुटलं की काट्याला आधार मिळत नाही,
माग उभा राहतो.
काटा काढून टाकला तर खटखट चालूच,
कापड मात्र नाही.

बरोबर, म्हटलं.
फक्त इथं माग उभा करायची सोय नाही.

आणि ऊन!
या गावात ऊन मापानं विकलं असतं
तर घरोघरी माड्या झाल्या असत्या.
पण नरसूबाईच्या सुपात ते कधी पडलं नाही.
खिडकीला पोतं, पंखा बंद, कारण तंबाखू उडते,
मांडीवर सूप, सुपात पानं, पानांत मान.
हाडांतून आधीच किती उचल झाली असेल
कोण जाणे. तीन बाळंतपणं तर फाईलमध्येच आहेत.

बाटली लागली. थेंब अगदी सावकाश,
पडद्यावर हिरवी रेघ, डॉक्टरचं लक्ष रेघेवर,
कारण घाईनं भरलं तर काळीजच अडखळतं.
दाणे शस्त्रक्रियेत नुसते मुकामार खाऊन बसलेत
की गाठीबरोबर निघून गेलेत,
हे आज कुणीच सांगू शकत नाही.
दुखावलेले असले तर उठतील, काही आठवड्यांत.
नाहीतर गोळ्या, जन्मभर,
रोज बाहेरून कुणीतरी चाखायचं.

उजाडताना बोटं सुटली.
तिनं करंगळीपासून एकेक मोजून घेतलं.
पुन्हा नळी, पुन्हा यंत्र, पुन्हा जिना.
सात पूर्णांक नऊ, मी सांगितलं.

तिनं विचारलं, म्हणजे हजाराला किती कमी?

मी कागदाच्या पाठीवर हिशेब केला.
सत्तरेक.

सत्तर? उशीवर मान फिरवत ती म्हणाली,
एवढ्याला चेकर अख्खा माल परत करतो, सायब.

सिस्टर दुसरी बाटली टांगत होती.