फुफाटा

माझा बाप, विल्फ हॅक्सबी, ग्रिम्झबीच्या धक्क्यामागे
एकेचाळीस वर्षं हॅडॉकला धुरी देत होता.
रात्रभर भुसा धुमसायचा, सळ्यांवर मासे टांगलेले,
आणि भिंतींवर डांबराचा थर, बोटभर, चकचकीत,
ओल्या म्हशीच्या पाठीसारखा.
धूर काय करतो हे त्याला शिकवायची गरज नव्हती.
तरी चौदाव्या वर्षापासून रोज वीस सिगारेटी.

एकसष्टाव्या वर्षी सोडल्या.
पेनाएवढं यंत्र घेतलं, चव साध्या तंबाखूची;
गोळ्या-बिस्किटांचे वास हुंगायला मी काय पोर आहे, म्हणाला.
वसंतात एका दमात जिना चढला
आणि वरून खाली बघून हसला,
कुणाला तरी शर्यतीत मागे टाकल्यासारखा.

मग डोमिनोच्या टेबलावर कुणीतरी सांगितलं,
कुणाच्या तरी भाच्याची फुप्फुसं
लाह्यांसारखी फुटली.
लाह्या!
कुठल्याशा कारखान्यात, लोण्याच्या वासाच्या वाफेत
राबलेल्या मजुरांची जुनी, खरी गोष्ट
टेबलागणिक धचा मा होत आली
आणि माझ्या बापाच्या छातीवर येऊन बसली.
"त्यापेक्षा सिगारेट बरी. निदान ओळखीची."
यंत्र गेलं ड्रॉवरमध्ये, आईच्या चष्म्याशेजारी.

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते.
दिवसातून चारदा मला हेच विचारतात
आणि चारदा माझं वाक्य लांबतं:
जळत नाही म्हणून डांबर नाही,
पण म्हणून काहीच नाही असंही नाही,
ओढत होतात आणि हे घेतलंत तर पुष्कळ कमी,
ओढतच नव्हतात तर मग कशाला,
आणि वीस वर्षांनी काय, ते अजून...
तोवर गिऱ्हाईक खोकल्याची बाटली घेऊन गेलेलं असतं.
खोट्याला एवढा वेळ लागत नाही. त्याची बस कधी चुकत नाही.

रविवारी जेवताना
कोर्टनीच्या बाहीतून गुलाबी काडी घरंगळली.
माझी लेक. पंधरा वर्षांची. बटाट्यांवर आंब्याचा वास.
"नुसती पाण्याची वाफ गं, किटलीतून येते तशी."
"फुप्फुसं फुटतील!" बाप गरजला, सिगारेट चिमटीत.
"ते खोटं आहे, आजोबा," ती म्हणाली.
आणि ते खोटं होतंच.
त्याचं खोटं उघडं पडलं
म्हणून तिचं आपोआप खरं ठरलं.
मी मधे, हातात ग्रेव्हीचं भांडं.

त्या रात्री तीन वाजता तिच्या दाराखालून
निळा ठिपका लुकलुकताना पाहिला.
किटलीसाठी कोण उठतं अपरात्री?

आगीतून फुफाट्यात, असं म्हणतात, हिणवून.
पण फुफाट्यात पाय पोळतात
आणि आगीत माणूस जातो.
बाप माझा आगीतून निघाला होता,
तळव्यांना फोड आलेले, पण चालत.
कुणीतरी फोड दाखवून त्याला घाबरवलं
आणि तो माघारी वळला, ज्वाळेकडे.
आणि ही पोर, जिच्या वाटेत आग नव्हतीच,
ऊबदार वाळू समजून
फुफाट्यात अनवाणी खेळते आहे.

पुढच्या शनिवारी तो तिला धुरीघरात घेऊन गेला.
किल्ली अजून त्याच्याकडेच होती.
मासे कापायच्या सुरीनं भिंत खरवडली,
पात्यावर काळं सोललं गेलं. तिच्या नाकाशी धरलं.
"हे माझ्या आत आहे."
ती मागे सरकली. मग विचारलं,
"आणि माझ्या काडीचं?"
बाप बराच वेळ पातं पुसत राहिला.
"डांबर नाही," म्हणाला. "काय आहे, मला ठाऊक नाही.
तू रात्री उठतेस, एवढं ठाऊक आहे."

घरी येऊन त्यानं ड्रॉवर उघडला.
चाव्या, चष्मा, बटणं सगळं टेबलावर ओतलं.
"लॉर्ना, याचा चार्जर कुठे गेला?"
मी शोधायला लागले.
कोर्टनी दारात उभी होती,
एक हात अजून बाहीत.