टीव्हीची पाठ

माझं ऑफिस चष्म्याच्या डबीत मावतं.
चष्मा कायम नाकावर, डबी रिकामीच होती.
जेल रोडवरच्या पोरानं चार हजार सांगितले,
मी सदतीसशे दिले.
मॅडम, हा अख्खा कॉम्प्युटर आहे, म्हणाला.
मी उलटा करून पाहिला:
खारकेहून मोठा, कंगव्याहून आखूड,
एका टोकाला चपटं तोंड,
काहीतरी विचारायला पुढे केलेलं.

तेव्हापासून मी इंदूरच्या टीव्हींच्या पाठी बघत फिरते.
समोरून सगळे सारखे,
बाजारभाव, बाबा, क्रिकेट.
मागे मात्र ज्याचं त्याचं असतं.
छावणीतल्या डेअरीत पालीची दोन अंडी, साबुदाण्यासारखी.
मल्हारगंजच्या दातांच्या डॉक्टरांकडे
तीन नर्सांवर आळ आणून गेलेली कात्री.
सराफ्यात एका काकांच्या जुन्या पाचशेच्या नोटा,
त्या आम्ही दोघांनी पाहिल्या
आणि दोघांनीही पाहिल्या नाहीत.

हात घालायचा, भोक चाचपायचं,
अंधारात सुई ओवावी तसं.
मग ज्या पडद्यावर काल रात्री
एका सुनेनं खिरीतलं विष ओळखलं
तिथे खातेवही उघडते.
पडदा आता सगळ्यांकडेच असतो,
डोकं तेवढं मी घेऊन जाते.

हळू आहे तो. खोटं कशाला बोलू?
दोन फायली एकदम उघडल्या की धापा टाकतो.
मे महिन्यात इतका तापतो
की मी त्याला वर्तमानपत्रानं वारा घालते.
डेअरीवाला एकदा म्हणाला, ताकाच्या पिशवीवर टेकवा की.
पण आधी मी लॅपटॉप वाहत होते नऊ वर्षं.
माझा डावा खांदा उजव्याहून खाली आहे,
शिंप्याला विचारा.

आणि एक.
आकडे चार फुटांचे झाले की
फक्त मालकाचे राहत नाहीत.
सियागंजात, मुर्तझाभाईंच्या दोरखंडांच्या दुकानात,
गाठोड्यावर बसलेला मांगीलाल हमाल बोलला,
सुतळी बुधवारी नाही, मंगळवारी उतरली.
मंगळवारीच उतरली होती.

त्याच दुकानात मी तो विसरले.
शनिवार, शेवटच्या बसची घाई;
घरी येऊन डबी उघडली तर आत
चष्मा पुसायचं फडकं.
रविवार कसाबसा गेला.
सोमवारी दहाला पोरानं टीव्ही लावला
आणि बातम्यांच्या जागी उगवली
मी स्वतःसाठी लिहिलेली पिवळी चिठ्ठी:
मुर्तझाभाई. पाच महिने. साडेसात हजार.
कसं मागू?

चॅनल बदलेना.
उपटून टाकावा, तर मॅडमची नाजूक वस्तू.
दिवसभर ती तशीच,
नारळाच्या काथ्यावर, नायलॉनच्या गुंडाळ्यांवर
पिवळा उजेड पाडत.
ज्यांना वाचता येत नव्हतं
त्यांना मांगीलालनं वाचून दाखवली.

मी चारला पोचले.
मुर्तझाभाई हातानं दोर मोजत होते,
एक वाव, दोन वाव,
मोजणं चुकू नये म्हणून वर न बघता
कोपरानं पाकीट माझ्याकडे सरकवलं.
सात वाव झाल्यावर म्हणाले,
मॅडम, अक्षरं जरा मोठी होती.

समोर उभं राहवेना,
म्हणून टीव्हीच्या पाठीमागे गेले.
तिथे धूळ, सुतळीचा एक तुकडा,
आणि तो,
उन्हात खेळून आलेल्या पोराच्या कपाळाइतका गरम.

चिठ्ठी मी अजून पुसलेली नाही.
नाव तेवढं बदललंय.
गुरुवारी मल्हारगंजला जायचं आहे,
डॉक्टरांकडे सात महिने झाले.