पाच किलो

डाक्टरीनबाई म्हणे, पाच किलोच्या वर
उचलायचं नाई, दुर्पताबाई. कधीच.
तवापासून मी गावाचं वजन करत बसली.

पाण्याचा गुंड : नाई.
अर्धा गुंड : चालते.
सरकीच्या ढेपीचं टोपलं : नाई.
ओलं लुगडं, पिळलेलं : चालते,
न पिळलेलं : कोनास ठाऊक.
रामकोरच्या शेळीचं तीन दिवसाचं पिलू
किराण्याच्या काट्यावर ठेवून पाह्यलं,
दोन किलो शंभर.
मंग त्यालेच घेऊन फिरली दिवसभर.
लोकं हासले.

बायका म्हणतात, हिची पिशवी गेली.
जशी काही बाजारात इसरून आली.
म्या इचारलं होतं, केवढी होती व?
मुठीएवढी, म्हणे.
तीन लेकरं राह्यले तिच्यात.

निर्गुणा आशाताई कागद घेऊन येते.
गेल्या आठवड्यात पाय सुजला का?
चार चौकोन : अजिबात नाई, थोडंसं, बरंच, खूप.
डावा सुजते. सकाळी माहाच असते,
संध्याकाळी दुसऱ्या कोनाचा तरी.
हे कुठं लिहू, काकी?
लिही बरंच.
मे महिन्यात, टिनाखाली,
मांडीपर्यंत रबरी मोजा :
त्याले चौकोन नाई.

आंगातून वाफा येतात का?
बाई, अख्ख्या दारव्हा तालुक्यातून येतात.
माह्या कोनत्या अन उन्हाच्या कोनत्या,
कशी निवडू?
रात्री दोन वाजता येते ती माही.
तवा मी रांजणाले पाठ लावून बसते.

लघवीचं?
एसटीच्या रस्त्यानं आता गावं नाईत,
आडोसे हायेत :
एक बोर, एक पडका पानठेला,
पुलाखालची मोरी.
मोरीत कधी पोट्टे बसून असतात.

मंग तिनं आवाज खाली घेतला.
मालकाजवळ…?
सून तुरी पाखडत होती, तिचं सूप थांबलं.
त्याईची बाज आंगनात, माही घरात.
कोनं हलवली, कोनी बोललं नाई.
पन रोज रात्री तांब्या भरून
माह्या उशाशी ठेवतात, वर वाटी झाकून.
आहे का जागा तांब्याले, तुह्या कागदावर?
निर्गुणानं पेनाचं टोपन लावलं,
मंग काढलं.

नातीन सहा किलो आठशे,
अंगनवाडीच्या काट्यावर.
तिले उचलायचं नाई.
मी भुईवर बसते, पाय लांब करून,
ती रांगत येते, मोज्याले धरून वर चढते,
माह्या टाक्यांवर डोकं टेकवते.
तिची ती चढली,
म्या थोडीच उचलली.

शेवटचा, काकी. एकंदरीत कसं चाललं,
एक ते सात, आकडा सांगा.
पाच लिही.
पाचच्या वर मले उचलायचं नाई.
अन जाता जाता
ते ढेपीचं टोपलं तेवढं
आत सरकवून दे.