बिनछाप

भद्रकालीच्या भंगारात किलोवर घेतलेलं पोतं.
एकाही हत्यारावर शिक्का नाही, आकडा नाही.
त्यातच हे: मुठीएवढं पोलाद,
एक गाल आरशासारखा, बाकी गंज.

तांबट आळीत मोरेश्वर कर्पे म्हणाले,
"घागरीच्या गळ्याचं असेल. पण नाही,
ठोकल्याचा एक व्रण नाही याच्यावर."

ओझरहून रिटायर झालेल्या गांगुर्डेंनी
नुसतं तळहातावर तोललं.
"रिव्हेटच्या मागे धरायचं. ठोकणारा दुसरा.
नाव? आम्ही 'ते दे' म्हणायचो."

सातपूरच्या शेडमध्ये अर्धा पंख.
मुलगी आत, कोपरापर्यंत हात घालून.
कुणाच्या तरी डाव्या अंगठ्यानं झिजलेली खाच,
तिचा तिथे बसत नाही.
मी बाहेर, हवेची गन घेऊन.
दोघांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा.

आतून आवाज आला,
"बाबा, ते दे."