दहा वेळा चोवीस तास

आमच्या दुकानात दिवस उजाडल्यापासून मोजत नाहीत.
मिनिटापासून मोजतात.
रेड ब्लफ, मेन स्ट्रीट, दुपारचे चार सतरा:
ऑर्व्हिल टॅकेटनं अंगठा टेकवला
आणि घड्याळ सुरू झालं.

प्रश्न छापलेलेच असतात, मी फक्त बोट ठेवतो.
गुन्हा शाबित झालाय कधी? नाही.
कोर्टाचा मनाई हुकूम? नाही.
प्रत्येक 'नाही' त्यानं सावकाश लिहिलं,
जणू कुणी अक्षर तपासणार होतं.
घरी आता कोण असतं, हे छापलेलं नाही.
शर्टाची बटणं एक घर खाली लागलेली,
त्याला रकाना नाही.
"दहा दिवस?" तो म्हणाला,
"नेटीला जाऊनच दहा झालेत."
मी पावती फाडली. दुसरं काय करणार.

त्याच आठवड्यात ग्रिसेल्डा आर्सेओ आली,
अक्रोडाच्या कारखान्यातून थेट, एप्रनसकट.
तिच्याकडे मनाई हुकूम होता, तिनंच मिळवलेला,
चार घड्यांचा, घामानं मऊ पडलेला.
"तो दार तोडेल तेव्हा
हा कागद दाखवू का त्याला?"
मी कायदा सांगितला. कायदा मला पाठ आहे.
"मग त्यालाही सांगा ना," ती म्हणाली,
"दहा दिवस दम धरायला."

ह्याचं उत्तर माझ्या गल्ल्यात नव्हतं.
त्या रात्रीपासून बाहेरचा दिवा चालू ठेवला.
तिची गाडी त्याखाली उभी असायची,
काचा वाफेनं पांढऱ्या, मागच्या सीटवर दोन लहान बूट.
मालक बिलावरून कुरकुरला,
एकदा उशिरा दुकानावरून गेला,
मग नाही कुरकुरला.

मागच्या खोलीत दोन डबे, दोन चिठ्ठ्या,
दोन्हींवर माझंच अक्षर,
आणि फळी एकच.

राज्याची हरकत दोघांवरही आली नाही.
ग्रिसेल्डा वेळेआधीच हजर.
दूध उतू जायची वाट बघावी
तसे आम्ही दोघं घड्याळाकडे बघत उभे.
कुलूपबंद डबा तिनं जेवणाच्या पिशवीत ठेवला,
वर नॅपकिन.
पुढे काय झालं मला ठाऊक नाही.
दिवा अजून लावतो.

ऑर्व्हिल आला नाही.
चार सतरा झाले. पाच. शटर अर्धंच ओढलं.
अकरावा दिवस. पंधरावा.
एकोणतिसाव्या दिवशी मी फोन केला.
तीस उलटले की सगळं पुन्हा पहिल्यापासून,
तेवढं सांगायलाच केला,
असं माझं मलाच सांगितलं.
बराच वेळ वाजला.
उचलला तेव्हा मागे कपड्यांचं मशीन फिरत होतं,
आत एखादं नाणं, किंवा बटण,
ठण, ठण.

"अजून आहे का ते तिथं?"
"आहे."
मशीन थांबलं.
"असू दे," तो म्हणाला.