पंप होईपर्यंत

बस ना, उभी काऊन? पंप जळला आहे.
गुंडाळून लावायले अर्धा तास,
खसही बदलायची म्हणशील तर पाऊण.
बाहेर सेहेचाळीस, अन् तू नंदनवनातून भर दुपारी,
डोक्यावर दुपट्टा तरी बांधायचा.
माठात पाणी आहे. फडताळात बाकीचं.

नाही, तो खण पान्यांचा. वरचा.
संत्र्याची पेटी दिसते? तिच्यात कॉमिक्स,
कसर लागू नये म्हणून मधी मधी कडुनिंब.
दिवाळीपासून होळीपर्यंत कूलर कोणाले पाहिजे?
ते चार महिने मी हेच वाचतो.

आधी सांग, रात्री झोप लागते का तुले?
नसेल लागत तर 'काजळग्रह' घेऊ नको.
त्यात एक यंत्रमानव रोज रात्री मालकाचे बूट मोजते,
मालक मरून दोनशे वर्षं झाली.
हिंगण्याच्या एका पोट्ट्याले दिलं, परीक्षा होती त्याची.
त्याची आई भांडायले आली
अन् जाताना दुसरा भाग घेऊन गेली.

सिरियल म्हणशील तर 'तेरावं स्थानक', पण तिसऱ्या भागापासून.
पहिल्या दोनात सगळे उभं राहून एकमेकाले सांगतात
की आपण अंतराळात आहोत.
अबे, माहीत आहे ना त्याइले!
अन् दीडपट वेगानं पाहू नको बाई.
कप्तान खिडकीपाशी चाळीस सेकंद काही बोलत नाही,
तेच चाळीस सेकंद पाहायचे आहेत.

तो डोळ्याले लावायचा चष्मा? मी लावला बर्डीवर एका दुकानात.
ड्रॅगन छान होता, पण घामानं काच धुकटली
अन् ड्रॅगन ढगात गेला तो गेलाच.
डिसेंबरात घे.

त्यापेक्षा हा गेम ने, हातातला, जुना.
डावं बटन गेलं आहे. मले दुरुस्त करता येते,
केलं नाही. मागं फिरता येत नाही म्हटल्यावर
माणूस उडी पाहून मारते.
शंभराची नोट ठेव, गेम आणलास की नोट परत.
सेल तुझे.

अन् हे. 'शून्य मैलाचे रखवालदार', बारा भाग.
अख्खी दीर्घिका आपल्या झिरो माइलपासून मोजतात त्यात,
त्या चार घोड्यांपासून.
सातवा भाग नव्हता. अठ्ठ्याण्णव साली टेंभुर्णेनं नेला,
मंग बल्लारशाले बदली झाली, त्याची अन् पुस्तकाची.
म्हणून सहावा वाचून झाला की गिऱ्हाईक इथं येते,
सातवा मी तोंडी सांगतो.

आधी एक घोडा पळून जाते, इतकंच होतं.
कोणी विचारलं, पळून कुठं? मंग कामठीची छावणी आली,
मंग कन्हानचा पूल,
मंग घोड्याची बहीण.
गेल्या तान्ह्या पोळ्याले सांगता सांगता घोडा रडला.
तो रडणार आहे हे मलेही माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात टेंभुर्णेचा पोरगा आला.
बाप रिटायर झाला, घर आवरून राहिलो म्हणे.
कागदात बांधलेला सातवा दिला, वरून सॉरी.
मी उभ्या उभ्या वाचला, पंखा न लावता.
घोडा पळतच नाही.
बत्तीस पानं लढाई,
अन् शेवटी कोणीतरी म्हणते, चला.

तो तिथं आहे, स्टॅबिलायझरच्या मागं.
लपवला नाही, ठेवला आहे.
तू सहा वाच, मंग ये. दोन्ही सातवे आहेत,
पाहिजे तो ने.
फक्त आठव्याचं पहिलं पान उघडून मोज एकदा.
घोडे तीनच काढलेत.
चित्रकार विसरला असेल, असं टेंभुर्णेचा पोरगा म्हणते.
असेल.

हं, ऐक. पाणी चढलं.