आज रोख, उद्या उधार

नगरपालिकेच्या फॉर्मवर
इमारतीच्या नावाला एकच ओळ आहे.
मी, एदुविहेस ओयार्सून, सर्वेक्षण विभाग, वाल्पाराइसो,
निवृत्तीला चार महिने,
बंदरावरून येणाऱ्या वाऱ्यात टोपी धरून उभी आहे
आणि पेन चालत नाहीये.

दोन रस्ते भांडून वेगळे झाले
त्या टोकाला ती:
तीन मजली, कलिंगडाच्या फाकेसारखी निमुळती.
लोक तिला अजून ‘माटुलिच’च म्हणतात.
माटुलिचला जाऊन चाळीस वर्षं झाली.

मूळ उपयोग?
सोऱ्याची पेढी.
बांधणारा फोल्कमार हांबुर्गहून आला
ओतीव लोखंडाचे बारा खांब जहाजात घालून.
एक उतरवताना समुद्रात गेला.
त्याच्या जागी ओकचा बुंधा रोवला, वर तोच राखाडी रंग;
ठोठावल्याशिवाय कळायचं नाही.
उत्तरेच्या वाळवंटातून पोती यायची.
वरच्या मजल्यावर भाव ठरायचे,
खालच्या मजल्यावर पाठी वाकायच्या.
त्या सोऱ्यावर कुणाचे गहू पिकले,
कुणाच्या तोफा भरल्या.
जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजल्यात.
फॉर्ममध्ये याला ‘किरकोळ हानी’ म्हणतात.

भूकंपाच्या वर्षी सगळी रांग खाली बसली,
ही उभी राहिली.
का, ते इंजिनिअरांना विचारा.
समोरची रेमिहिया म्हणते, त्या लाकडी खांबामुळे;
एक तरी जण वाकणारा लागतो घरात.

मग पनामाचा कालवा खुला झाला
आणि जहाजांना आमचं बंदर आडवाटेचं वाटू लागलं.
फोल्कमारच्या नातवानं दिवाळं काढलं.
तराजू विकले, पियानो विकला,
पियानो जिन्यात वळेना म्हणून खिडकी फोडली.
दुसऱ्या मजल्यावरची ती चौकट अजून
बाकीच्यांशी जुळत नाही.

त्यानंतर माटुलिच.
दाल्मात्सियातल्या कुठल्याशा बेटावरून आलेला,
रॉकेल, दोर, साखर, खारवलेला मासा
सगळं एकाच वासाचं विकणारा.
गल्ल्यामागे त्याची पाटी, निळ्यावर पांढरी:
आज रोख, उद्या उधार.
रोज सकाळी फडक्यानं पुसायचा.
आम्ही पोरं दुसऱ्या दिवशी मुद्दाम जायचो,
“आज उद्या आहे,” म्हणायचो.
तो पाटीकडे बोट दाखवायचा. हसायचा नाही.

परवा आतल्या भिंतीचा गिलावा पडला.
विटांमागे कोनाडा, कोनाड्यात वही.
गोदीतल्या संपाचे सत्त्याण्णव दिवस.
नाव, पीठ, पाव किलो कॉफी.
नाव, पीठ, मेणबत्त्या.
नाव, पीठ.
नाव, पीठ.
पाटीकडे पाठ करून
माणूस उधारी लिहीत बसला होता.
ज्यांनी फेडली त्यांच्यावर रेघ आहे.
रेघा थोड्या.

एकाहत्तराव्या दिवशी: ओयार्सून, होआकीन.
पीठ तीन किलो. दूध, मुलगी आजारी.
रेघ नाही.

आता, या बंदरात ओयार्सून पुष्कळ,
होआकीनही दोन-चार असतील.
आणि मुलगी मीच असले तरी
मला दूध आठवत नाही.
बापाचे हात आठवतात,
रिकामे असले की तो ते खिशात ठेवायचा.

सांतियागोहून कंपनीचा माणूस आलाय.
मोबाईलवर चित्र दाखवतो:
वर गच्चीत बार, मध्ये अकरा खोल्या.
“पाटी ठेवू आम्ही,” म्हणतो, “पाहुण्यांना गंमत वाटेल.”
वहीचं विचारलं तर म्हणाला, “कुठली वही?”
मी म्हटलं, काही नाही.
माझी पिशवी जरा जड झाली होती.

रकाना चौदा: थकीत देणी.
मालमत्ता कर भरलेला आहे, पावत्या जोडल्यात.
पेन झटकलं, चाललं.
मी ‘होय’ लिहिलं.

निघताना एकेक खांब ठोठावत गेले,
कंपनीचा माणूस बघत राहिला.
नववा लाकडाचा निघाला.